पत्ता चुकलेलं श्राद्ध

माझ्या वडिलांना न्यूझीलंडमध्ये आल्या आल्या अडवलं, ते गवतामुळे.

ऑकलंडच्या विमानतळावर सामानात खाण्यापिण्याचं, झाडापानांचं काय आहे ते खरं खरं लिहून द्यावं लागतं. त्या कार्डासमोर भलाभला मराठी माणूस लोणच्याच्या बरणीच्या आठवणीने घाम पुसत असतो. बाबांची सगळी हयात मात्र भूमी अभिलेखच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलेली. सरकारी कागदावर खोटं लिहिणं त्यांना जमत नाही आणि अपुरं लिहिणं तर त्याहून जमत नाही. त्यांनी स्वच्छ अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: वाळलेलं गवत, एक जुडी. काळे तीळ, एक पाकीट. कृष्णेचं पाणी, एक बाटली. उपयोग: मृत व्यक्तीसाठी.

तिथल्या अधिकारी बाईंनी ते वाचलं, मग बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांना आणायला साताऱ्याला गेलो होतो, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती.

"ही मृत व्यक्ती तुमच्याबरोबर प्रवास करतेय का?" बाईंनी अगदी शांतपणे विचारलं.

"नो मॅडम," बाबा म्हणाले. "ही इज ऑलरेडी हिअर."

पुढचा पाऊण तास आम्ही वेगळ्या रांगेत काढला. तीळ कंपनीचे आणि सीलबंद म्हणून सुटले. पाणी उजेडात धरून पाहिलं आणि सोडलं. दर्भाची जुडी मात्र गेली. बाबांनी तिची पावती मागितली, ती मिळाली, आणि त्यांनी ती चार घड्या घालून पासपोर्टमध्ये ठेवली. "व्यवस्था चांगली आहे," ते मला म्हणाले. मी वेलिंग्टनच्या विमानाची वेळ बघत होतो.

ही आधीच इथे असलेली मृत व्यक्ती म्हणजे बाबांचे सख्खे काका, माझे चुलत आजोबा. बाबांच्या जन्माआधीच ते माझ्या आजोबांशी भांडून घरातून निघून गेले, मुंबईला जाऊन बोटीवर भांडी घासायला लागले, आणि बऱ्याच दिवसांनी वेलिंग्टनहून त्यांचं एक कार्ड आलं. ताप आला म्हणून इथल्या इस्पितळात ठेवलं आहे, बोट मला सोडून पुढे गेली, बरा झालो की लिहीन. बस्स. त्यानंतर एक अक्षर नाही. मेल्याची खबर नाही म्हणून त्यांचं श्राद्ध कधी झालं नाही, आणि जिवंत असल्याचीही खबर नाही म्हणून घरात कुणी त्यांचं नाव काढलं नाही. माझे आजोबा गेले तेव्हा शेवटच्या दिवसांत त्यांनी बाबांना एवढंच सांगितलं, की त्याचा शोध घे. बाबांच्या भाषेत हे प्रकरण तेव्हापासून प्रलंबित होतं. आता त्यांना ब्याऐंशी पुरी झाली होती, गुडघे संपावर गेले होते, आणि डॉक्टरांनी इतक्या लांबचा प्रवास हा शेवटचाच असं बजावलं होतं. म्हणून ते पितृपक्ष साधून अडीच महिन्यांसाठी आले होते. दिवाळीला घरी परत, पण प्रकरण निकाली काढून.

मी लोअर हटमध्ये अठरा वर्षं राहतोय. रोज ट्रेनने वेलिंग्टनला कामाला जातो, त्याच ट्रेनने परत येतो. या अठरा वर्षांत मी एकदाही या काकांची चौकशी केली नव्हती. खरं सांगायचं तर आपली मुळं शोधत हिंडणाऱ्या लोकांचा मला रागच येतो. माणूस झाड असता तर त्याला व्हिसा कशाला लागला असता? बाबा यावरून मला कधी बोलले नाहीत. ते नुसतं बघतात, आणि मग चष्मा पुसतात. चष्मा पुसणं जास्त लागतं.

आमच्या भागातल्या लायब्ररीत जुनी कागदपत्रं सांभाळणारी एक खोली आहे. ती निवृत्त लोक हौसेने, फुकट चालवतात. पहिल्या शुक्रवारी घरून काम करतोय असं ऑफिसला सांगून मी बाबांना तिथे नेलं. खोलीत एक पंच्याहत्तरीच्या गोऱ्या बाई होत्या. चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला, पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. त्या माओरी पद्धतीने "किया ओरा" म्हणाल्या, बाबा "किया ओरा" म्हणाले आणि वर हात जोडून "नमस्कार"ही म्हणाले, एकाने भागलं नाही तर दुसरा असावा म्हणून.

"किती मागे जायचंय तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"पेशवाईपासून सांगतो," बाबा म्हणाले, आणि सांगायला लागले.

मी खुर्चीत लॅपटॉप उघडून बसलो. तासाभराने मान वर केली तेव्हा इंग्रजांचं राज्य आलं होतं आणि बाई अजून जाग्या होत्या. मग त्यांनी बाबांचं पेन काढून घेऊन त्यांच्या हातात पेन्सिल दिली. जुन्या कागदांजवळ शाई चालत नाही, असा तिथला नियम. मला वाटलं, आता बाबांचा अपमान झाला. पण त्यांचे डोळे भरून आले होते. "हा नियम करा म्हणून मी तीस वर्षं अर्ज करत होतो," ते मला मराठीत म्हणाले. "तीस वर्षं. साहेब लोक त्या कागदांवर चहाचे कप ठेवायचे."

त्या दिवसापासून बाबा रोज तिथे जायला लागले. मी सकाळी स्टेशनवर जाताना त्यांना सोडायचो, दुपारी माझी बायको आणायची. डबा बरोबर. पहिल्या आठवड्यात ते गिऱ्हाईक होते, दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अनुक्रमणिकेतल्या अकरा चुका काढल्या, तिसऱ्या आठवड्यात बाईंनी त्यांना स्वयंसेवकाचा बिल्ला दिला. तिथले कागद पुठ्ठ्याच्या खोक्यांत असतात. बाबांना ते पटलं, पण अर्धंच. आमच्याकडे दप्तर कापडात बांधतात, त्याला रुमाल म्हणतात, आणि त्याची गाठ मारायची एक पद्धत असते. एक दिवस माझ्या बायकोची जुनी सुती ओढणी गायब झाली. ती लायब्ररीत सापडली, एका खोक्याला रेकॉर्ड रूमच्या गाठीने आवळलेली, आणि शेजारी बाई तीच गाठ मारायचा सराव करत होत्या.

"नोंद असतेच," बाबा रोज जेवताना सांगायचे. "नोंद सापडत नाही, ती शोधणाऱ्याची चूक."

बाई बाबांना माझ्या आजोबांच्या नावाने हाक मारत. मिस्टर, आणि पुढे आजोबांचं नाव. त्याचं कारण असं की पहिल्या दिवशी तिथल्या वहीत बाबांनी जन्मभराच्या सवयीप्रमाणे सरकारी पद्धतीने सही केली होती. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. बाईंना वाटलं शेवटी येतं ते आडनाव. मी त्यांची चूक सुधारायला पुढे झालो तर बाबांनी माझा दंड धरला.

"राहू दे रे. या देशात वडिलांना दुसरं कोण हाक मारणार आहे?"

मग मीही राहू दिलं. पुढे हीच गोष्ट आम्हाला चांगली भोवली.

आमच्या आडनावाने शोधलं तर काहीच मिळत नव्हतं. बोटींच्या याद्या पाहिल्या, इस्पितळाची रजिस्टरं पाहिली, दफनाची पुस्तकं पाहिली. बाबांचा चेहरा उतरायला लागला होता. पाचव्या आठवड्यात एका दुपारी त्यांचा मला ऑफिसात फोन आला. ऑफिसात फोन ही आमच्या घरात फक्त मरणाची पद्धत आहे, त्यामुळे मी मीटिंगमधून धावत बाहेर आलो.

"काका गेले," बाबा म्हणाले.

"बाबा, ते जाऊन जमाना झाला असेल."

"हो. पण मला आत्ता कळलं."

दफनाच्या पुस्तकात एक ओळ सापडली होती. हिंदी खलाशी, नाव माहीत नाही, वय अंदाजे पंचवीस, इस्पितळात तापाने मृत्यू, नातेवाईकाचा रकाना कोरा. वय जुळत होतं, ताप जुळत होता, कार्डावरची वेळही जवळपास जुळत होती. ज्या माणसाने आयुष्यभर एक सही कमी म्हणून शेतकऱ्यांना हेलपाटे मारायला लावले, तो माणूस या वेळी जवळपासवर राजी झाला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मलाही ते प्रकरण मिटायला हवं होतं.

सर्वपित्री अमावस्येला श्राद्ध करायचं ठरलं, थेट त्या जागेवर. प्रश्न दर्भाचा होता. बोटात घालायच्या पवित्रकाला दर्भच लागतो आणि आमच्या दर्भाची फक्त पावती शिल्लक होती. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र अर्ध्या इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "हाराकेके घ्या ना. आमच्या स्कूलमागे हीप्स आहे, भरपूर."

हाराकेके म्हणजे इथलं उंच पात्यांचं झुडूप, माओरी लोक त्याच्या टोपल्या विणतात. ती आजोबांना तिथे घेऊन गेली आणि बाबांनी चाकू उचलल्याबरोबर तिने त्यांचा हात धरला. तसं कुठलंही पातं कापायचं नाही, आधी प्रार्थना म्हणायची. मधलं पातं म्हणजे बाळ. त्याच्या दोन बाजूंची पाती आईबाप. त्या तिघांना हात लावायचा नाही. कापायची ती बाहेरची, आजोबा-पणजोबांची.

बाबांनी हे लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे माझा नंबर," ते म्हणाले, आणि बाहेरचं एक पातं कापलं. तिने माओरीतली प्रार्थना म्हटली, यांनी संस्कृतातला एक श्लोक म्हटला, आणि तिने शाळेत शिकवल्याप्रमाणे त्या पात्याची चिरफळी वळून अंगठी केली. ती बाबांच्या बोटात अशी बसली की पुढे दोन दिवस निघेना.

स्वयंपाक बायकोने केला. खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, उडदाचे वडे. वडे तिने एअर फ्रायरमध्ये केले होते.

"बाबा, यात तेल कमी लागतं," ती म्हणाली.

"सूनबाई, पितर आहेत ते. डाएटवर नाहीत."

वडे पुन्हा तळले गेले.

कबरस्तान डोंगराच्या उतारावर आहे, खाली सगळी हटची दरी दिसते. खलाशाच्या जागेवर दगड नव्हता. गवतात नंबर घातलेली एक खुंटी, तीही तिरकी. वारा इतका होता की बाबांचं उपरणं शेजारच्या कुणा स्कॉटिश कुटुंबावर जाऊन पडलं. आम्ही पत्रावळीऐवजी स्टीलचं ताट ठेवलं, त्यावर पिंड आणि वाढलेलं पान, आणि बाबांनी पुस्तकातून म्हणायला सुरुवात केली. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी काकांचं नाव खणखणीत घेतलं. ते नाव मी आमच्या घरात मोठ्याने उच्चारलेलं पहिल्यांदा ऐकलं.

पाणी सोडून झाल्यावर बाबा पुस्तक मिटून मराठीत बोलायला लागले. त्या खुंटीशी.

"काका, तुमचं कार्ड आलं तेव्हा वडिलांनी उत्तर पाठवलं होतं. आम्हाला तू मेलास, असं लिहिलं होतं. ते रागात होते. तुम्ही इथे तापाने पडलेला आणि वर ते पत्र. त्यांनी मला मरताना सांगितलं, त्याला सांग की मी चुकलो. ते सांगायला मी आलोय. उशीर झाला, पण गुडघ्यांमुळे नाही, माझ्याच आळसामुळे."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं म्हातारपणी माणसाला असलं काहीतरी खूळ लागतं आणि मी ते पुरवतोय. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला मी कावळा शोधायला लागलो.

आता कावळ्याचं असं आहे, की आमच्या भागात कावळा नाही. पिंडाला कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त. शिवला नाही तर त्याची काही इच्छा राहिलेली असते, मग आपण हात जोडून तुझं अमुक करू, तमुक करू अशी कबुली देत उभं राहायचं. कावळाच नसलेल्या देशात हे सगळं करायचं कुणी? बाबा हात जोडून उभे राहिले होते, कितीही वेळ थांबायच्या तयारीने. आणि वरून एक सीगल आला. त्याने बाबांचे हात नीट जुळायच्या आत एक पिंड उचलला. दुसऱ्याने दुसरा. मग कुठून कुठून ते पंधरा-वीस जमले, खीर सांडली, वडे गेले, ताट उताराने खाली घरंगळलं, माझी मुलगी किंचाळत त्यामागे पळाली.

"इतकी घाई?" बाबा म्हणाले. "याची कसली म्हणजे कसलीच इच्छा राहिलेली दिसत नाही."

कुत्रा फिरवणारा एक गोरा माणूस थांबला. "पिकनिक?" त्याने विचारलं.

"लंच विथ अंकल," बाबा म्हणाले.

"स्वीट ॲझ," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'मस्तच', आणि पुढे गेला.

त्यानंतर पंधरा दिवस बाबा इतके हलके वागत होते की त्यांनी स्वतःहून एअर फ्रायरमधले समोसे खाल्ले. बाईंनी आमच्या कुटुंबाचं एक फोल्डर केलं. त्यात बाबांनी काकांच्या कार्डाची प्रत ठेवली आणि पेशवाईपासूनची हकीकत सोळा पानांत लिहून दिली. निघायला आठवडा राहिला असताना त्यांना सतरावं पान सुचलं. ते मला घेऊन तिथे गेले, खण उघडला, आमच्या आडनावाच्या अक्षराशी बोटं फिरवली. फोल्डर नाही. पुन्हा पाहिलं. नाही.

बाबांचा आवाज मी लहानपणी ऐकला होता तसा झाला. "दप्तर गहाळ," ते म्हणाले. "कुणी नेलं? सही कुठाय?"

बाई उठल्या, त्यांनी शेवटच्या कपाटाशी जाऊन भलताच खण उघडला आणि फोल्डर काढून दिलं. "इथेच तर आहे, मिस्टर," त्या म्हणाल्या, आणि पुढे माझ्या आजोबांचं नाव. फोल्डरवरही तेच होतं. त्यांनी ते त्या अक्षराखाली लावलं होतं, अगदी नियमाप्रमाणे.

मी हसायला लागलो. बाबा हसले नाहीत. ते फोल्डर हातात धरून उभे राहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला की मी खुर्ची पुढे सरकवली.

"मी इथे माझ्या वडिलांच्या नावाखाली आहे," ते म्हणाले. "मग काका कुणाच्या नावाखाली असतील?"

काकांचे वडील म्हणजे माझे पणजोबा. काकाही आमच्याच घरात वाढलेले, तेही कुणी नाव विचारलं तर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटीच सांगणार. बंदरावरच्या कारकुनाने शेवटचं नाव धरलं असणार. आम्ही दोन महिने भलताच खण उपसत होतो. चाळीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलेल्या माणसाला, रोज स्वतःलाच चुकीच्या नावाने हाक मारली जात असताना, हे सुचलं नव्हतं. "नोंद असते," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही.

पणजोबांच्या नावाखाली काका वीस मिनिटांत सापडले.

ते तापाने मेले नव्हते. ते बरे झाले होते. इथेच राहिले, पेटोनीच्या एका लोकरीच्या गिरणीत कामाला लागले, इथल्याच एका बाईशी लग्न केलं. मूलबाळ नाही. आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं. एका जुन्या स्थानिक वर्तमानपत्रात त्यांचा फोटो होता, भाजीपाल्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळाल्याचा. हातात मावत नाही एवढा लाल भोपळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले आमच्या घराण्याचे कान. त्या कानांवर शंका घेणं शक्य नव्हतं. ते बाबांना आहेत, मला आहेत, आणि माझी मुलगी ते लपवायला केस मोकळे सोडते.

ते भरपूर म्हातारे होऊन गेले. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तोपर्यंत हा माणूस जिवंत होता.

बाबा चिडले. दोन महिने ज्यांच्यासाठी ते हळहळत होते त्यांच्यावर इतके चिडले की बाईंनी पाणी आणलं. "एवढी वर्षं भोपळे लावत बसले! एक पत्र नाही? आमच्या गल्लीत आयएसडी बूथ होता. तिकडे वडील मनावर ओझं घेऊन गेले आणि हे इथे बक्षिसं घेताहेत."

"बाबा, त्यांना पत्र आलं होतं ना," मी म्हणालो. "तू मेलास म्हणून. मेलेल्या माणसाने कसं लिहायचं?"

बाबांनी चष्मा पुसला. या वेळी तो माझ्यासाठी नव्हता.

तेवढ्यात बाईंनी मृत्यूच्या बातम्यांमधला कागद पुढे केला. चारच ओळी होत्या. कुणाचे पती, कुठल्या गिरणीत होते, आणि शेवटी, भारतातल्या अमुक यांचे लाडके भाऊ. बाईंनी त्या नावावर बोट ठेवलं आणि बाबांकडे पाहिलं, कारण ते नाव त्या दोन महिने रोज घेत होत्या. माझ्या आजोबांचं नाव. आजोबा तोवर जाऊन पाच वर्षं झाली होती, हे काकांना कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कुठे?

बाबा तोंडावर उपरणं घेऊन रडले. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

काकांची राख त्याच कबरस्तानातल्या गुलाबांच्या ताटव्यात ठेवलेली निघाली. फ्लाइटच्या आदल्या सकाळी तिथे पाणी सोडायला जायचं ठरलं. तीळ होते, कृष्णेचं पाणी थोडं उरलं होतं, मुलीने नवी अंगठी वळली, या वेळी जरा सैल. बायकोने पुन्हा वडे केले, आणि भोपळ्याची भाजी मुद्दाम जास्त केली. मी गाडी सरळ गुलाबांकडे नेत होतो, तर बाबांनी मध्येच थांबायला सांगितलं. ते काठी टेकत उतारावर त्या तिरक्या खुंटीपाशी गेले.

"बाबा, हे आपले नाहीत," मी म्हणालो. "चुकून झालं ते."

"मला कळतं."

"मग?"

"एकदा घरचं म्हणून जेवायला घातलं. पुढच्या वर्षी काय सांगायचं त्याला, पत्ता चुकला होता?"

त्यांनी तिथे एक पान वाढलं. नाव माहीत नाही, गोत्र माहीत नाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, शास्त्रात तेवढी सोय आहे. नावाच्या जागी ते थोडे अडखळले आणि मग नुसतं "बाळा" म्हणाले, कारण पंचवीस वर्षांचा मुलगा होता तो. मग आम्ही वर गुलाबांकडे गेलो आणि आजोबांचा निरोप योग्य त्या पत्त्यावर दिला. बाबांनी पहिल्यापेक्षा थोडक्यात सांगितलं. एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा सोपी जाते.

परत येताना त्यांनी लायब्ररीशी गाडी थांबवायला लावली. बाईंचा निरोप घ्यायचा आहे, म्हणाले. खरं काम वेगळं होतं. जुन्या नोंदीत कुणाला भर घालायची असली तर तिथे एक छापील चिठ्ठी असते. बाबांनी ती मागून घेतली, त्या खलाशाच्या दफनाचा नंबर लिहिला, आणि पेन्सिलीने सावकाश भरायला घेतली. नाव: माहीत नाही. गाव: माहीत नाही. मग नातेवाईकाचा रकाना आला. तिथे त्यांनी माझं नाव लिहिलं आणि खाली लोअर हटचा पत्ता. आधी आडनाव, मग माझं, मग त्यांचं.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "पण हे खरं आहे का?" त्यांनी विचारलं. "तुमचे काका तर दुसरे निघाले."

"मॅडम, एन्ट्री इज करेक्ट," बाबा म्हणाले, आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. खाली नातेवाईकाची सही लागत होती.

मी सही केली.